हा ड्रायव्हर याच कार्डाचा, हे कोण ठरवतं?

लिनक्सवर एलएसपीसीआय ही कमांड ‘-एनएन’ हा पर्याय देऊन चालवली, की प्रत्येक उपकरणाच्या नावापुढे चौकटी कंसात एक जोडआकडा दिसतो. व्हर्च्युअलबॉक्स या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या मशीनवर नेटवर्क कार्डापुढे बऱ्याचदा ८०८६:१००ई असतं. पहिला आकडा कंपनीचा. इंटेलने आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचंच नाव या नोंदीसाठी घेतलं. दुसरा आकडा त्या कंपनीच्या त्या चिपचा. ही जोडी वाचून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ई१००० हा ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) आणतो आणि नेटवर्क सुरू होतं. हे इतकं आपसूक होतं, की त्यामागे कुठल्या आकड्याला कुठला ड्रायव्हर अशी एक यादी कुणीतरी लिहिलेली आहे हे लक्षातही येत नाही. पण ती यादी कुणी लिहायची आणि कुणाला बदलता यायची, यावर गेली चाळीस वर्षं बरंच काही घडलेलं आहे.

आयबीएम पीसीच्या जुन्या आयएसए बसवर, म्हणजे कार्डं जोडायच्या मार्गावर, अशी ओळखच नव्हती. कार्डाचा पत्ता आणि इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधायचा संकेत) जंपरने, म्हणजे कार्डावरच्या छोट्या पिनजोडणीने, ठरायचा, आणि तोच आकडा ड्रायव्हरलाही हाताने सांगावा लागायचा. सांगितला नाही तर ड्रायव्हर अंदाजाने चाचपत जायचा: अमुक पत्त्यावर काही लिहायचं, काय उत्तर येतं ते बघायचं. एनई२००० जातीची नेटवर्क कार्डं बहुधा हेक्स (सोळा अंकांच्या पद्धतीत) ३०० या पत्त्यावर असायची, म्हणून ड्रायव्हर तिथे डोकवायचा. त्या पत्त्यावर भलतंच कार्ड असलं तर नुसत्या चाचपणीने ते कोलमडायचं, कधी अख्खं मशीन अडकायचं. म्हणून लिनक्स सुरू करताना ‘रिझर्व्ह’ असा पर्याय देऊन काही पत्ते चाचपणीतून वगळता येत, आणि ‘ईथर’ देऊन कार्ड नेमकं कुठे आहे ते सांगता येई. जोडी जुळवायचं सगळं काम मशीनच्या मालकाच्या अंगावर होतं. हक्क त्याचा, त्रासही त्याचाच.

१९८७ साली आयबीएमने पीएस/२ या मशीनांबरोबर मायक्रोचॅनेल बस आणली आणि प्रत्येक कार्डाला सोळा बिटांचा आयडी दिला. जंपर गेले. पण आयडीवरून पुढची माहिती काढायला एक छोटी वर्णन फाइल लागायची, तिच्या नावातच तो आयडी असायचा आणि ती फ्लॉपीवर यायची. फ्लॉपी हरवली की कार्ड शाबूत असूनही बसवता येत नसे. कार्डाने स्वतःचा नंबर सांगणं पुरेसं नाही, त्या नंबराचा अर्थ कुठेतरी लिहून ठेवलेला असावा लागतो आणि तो कागद हाताशी लागतो, हे पहिल्यांदा तिथे कळलं. आयबीएमच्या अटी मान्य नसलेल्या कंपन्यांनी १९८८ मध्ये ईआयएसए काढली. तिच्यात कंपनीसाठी तीन अक्षरं आणि पुढे चार आकडे अशी पद्धत होती. ती बस मागे पडली, पण नंबर टाकायची तिची रीत टिकली. आजही एसीपीआयच्या (फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला देतं त्या उपकरणांच्या वर्णनाच्या) कोष्टकात सिरियल पोर्टपुढे पीएनपी०५०१ दिसतं, ते त्याच घराण्यातलं.

खरा बदल केला १९९२ च्या पीसीआय बसने. प्रत्येक उपकरणाला २५६ बाइटांची कॉन्फिगरेशन जागा मिळाली आणि तिच्या पहिल्या चार बाइटांत कंपनी व उपकरण यांचे आकडे आले. ही जागा वाचल्याने कुणाचं काही बिघडत नाही. स्लॉट रिकामा असेल तर सगळे बिट एक येतात, म्हणजे एफएफएफएफ, म्हणून तो आकडा कुठल्याच कंपनीला दिला जात नाही. शिवाय उपकरणाचा वर्ग सांगणारा वेगळा आकडा आहे. त्यामुळेच एएचसीआय या ठरलेल्या पद्धतीचा कुठल्याही कंपनीचा साटा कंट्रोलर (डिस्क जोडणारी चिप) एकच ड्रायव्हर सांभाळू शकतो. त्याला चिपचा नंबर ओळखीचा नसला तरी चालतं.

आता यादी कुणाची? विंडोज ९५ पासून ती आयएनएफ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत आली आणि ती लिहायची उपकरण बनवणाऱ्या कंपनीने. सोलारिसमध्ये ती ईटीसी फोल्डरमधल्या ‘ड्रायव्हर_अलायसेस’ या फाइलीत असते. एका ओळीत ड्रायव्हरचं नाव आणि त्यापुढे ‘पीसीआय८०८६,१००ई’ असा मजकूर. ‘अपडेट_डीआरव्ही’ या कमांडने प्रशासक स्वतः तिच्यात ओळ घालू शकतो. एका मशीनचं सगळं जुळवाजुळवीचं कोष्टक एका फाइलीत, उघडं आणि वाचता येण्याजोगं. मला ही रचना आजही सगळ्यात स्वच्छ वाटते.

लिनक्समध्ये सुरुवातीला प्रत्येक ड्रायव्हर स्वतःच बसवर फिरून आपलं कार्ड शोधायचा. लॅपटॉपमध्ये चालू मशीनवर घालता-काढता येणारी कार्डबस कार्डं आली तशी ही रीत तोकडी पडली, कारण कार्ड नंतर आलं तर ड्रायव्हरला कोण उठवणार? जानेवारी २००१ मधल्या २.४ आवृत्तीपर्यंत उलट रचना आली होती. ड्रायव्हर आपल्या आयडींचा तक्ता नोंदवतो आणि बसचा कोड जोडी जुळली की त्याला हाक मारतो. तोच तक्ता मॉड्यूलच्या, म्हणजे गरजेनुसार कर्नलमध्ये चढवायच्या ड्रायव्हरच्या, फाइलीतही उमटतो. तिथून डेपमॉड ही कमांड ‘मॉड्यूल्स.अलायस’ ही मोठी यादी बनवते आणि कार्ड दिसताच यूडेव्ह हा उपकरणांवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम त्या यादीवरून योग्य मॉड्यूल आणवतो.

रचना चोख असली तरी आकडे नेहमी पुरे पडत नाहीत. रिअलटेकची १०ईसी:८१३९ ही चिप एकेकाळी स्वस्त संगणकांत सर्रास असायची. तिच्या सुधारित आवृत्तीलाही कंपनीने तोच आयडी ठेवला. दोन ड्रायव्हर, ८१३९टू आणि ८१३९सीपी, दोघेही त्याच जोडीवर हक्क सांगतात, आणि शेवटी चिपचा रिव्हिजन आकडा हेक्स २० च्या खाली की वर हे बघून एकजण माघार घेतो. टीव्ही ट्यूनर कार्डांची गत याहून वाईट. बीटी८७८ ही चिप कितीतरी कंपन्यांनी वापरली, ट्यूनर आणि ऑडिओची जोडणी प्रत्येकाची निराळी, आणि कार्डाची स्वतंत्र ओळख सांगणारे सबसिस्टिम आकडे अनेकांनी भरलेच नाहीत. मग बीटीटीव्ही ड्रायव्हरबरोबर कार्डांची एक लांबलचक यादी यायची आणि ‘कार्ड=’ पुढे आपला क्रमांक मालकालाच घालावा लागायचा.

चिप जुनीच, पण आयडी नवा, अशीही वेळ येते. ड्रायव्हर तिला चालवू शकतो, पण तक्त्यात नोंद नाही. मग नव्या कर्नलची वाट बघत बसायचं का? २.६ च्या काळात सिसएफएसमध्ये (कर्नलची आतली माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरांत) प्रत्येक पीसीआय ड्रायव्हरच्या फोल्डरात ‘न्यू_आयडी’ ही फाइल आली. रूट, म्हणजे प्रशासक, होऊन तिच्यात कंपनी आणि उपकरणाचा आकडा लिहायचा, की चालू कर्नलमध्येच जोडी जुळते. हीच सोय यूएसबीलाही मिळाली. ड्रायव्हरला त्या चिपसाठी जादा माहिती लागत असेल तर तिचा आकडाही पुढे लिहावा लागतो, आणि तिथे कर्नल वाटेल तो आकडा घेत नाही. तक्त्यातल्या एखाद्या नोंदीत तो जादा माहितीचा आकडा आधीपासून असला पाहिजे.

या फाइलीचं मोल २०१४ मध्ये दिसलं. यूएसबीवरून सिरियल पोर्ट देणाऱ्या एफटीडीआयच्या चिपांचा आयडी ०४०३:६००१. अर्डुइनो नॅनोसारख्या छोट्या इलेक्ट्रॉनिक्स बोर्डांमुळे ही चिप विद्यार्थ्यांच्या हातात पोहोचली होती आणि तिच्या नकलाही बाजारात भरपूर होत्या. लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन स्वस्त बोर्ड घेणाऱ्याला आतली चिप अस्सल की नक्कल हे बघून सांगता येत नाही. त्या वर्षी विंडोज अपडेटमधून आलेल्या कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिप ओळखून तिच्या मेमरीतला उपकरणाचा आकडाच बदलून ०००० केला. आकडा चिपमध्येच लिहिला गेल्याने ती चिप दुसऱ्या संगणकावर, अगदी लिनक्सवर लावली तरी उठेना. ०४०३:०००० ही जोडी कुणाच्याच तक्त्यात नव्हती. ओरड झाल्यावर कंपनीने तो ड्रायव्हर अपडेटमधून मागे घेतला.

लिनक्सवर मात्र इलाज एका ओळीचा होता. एफटीडीआय_एसआयओ हे मॉड्यूल चढवायचं आणि त्याच्या ‘न्यू_आयडी’मध्ये ‘०४०३ ००००’ लिहायचं, की पोर्ट परत. त्याच वर्षी कर्नलच्या तक्त्यातही ही नोंद गेली, ‘एफटीडीआय_ब्रिक_पीआयडी’ या नावाने. वर टीप आहे की अधिकृत विंडोज ड्रायव्हरच्या काही आवृत्त्यांनी नकली उपकरणांचा आकडा शून्य केला होता, तरीही ती चालवून घ्यावीत. नकलेचं समर्थन मी करत नाही. पण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची ओळख मालकाला न विचारता पुसणं हे गैरच होतं, आणि ती ओळख परत जुळवायचं साधन मालकाच्या हाती होतं हे फार बरं झालं.

आयडीवर जुळवण्याची एक मर्यादा ‘न्यू_आयडी’ आल्यावरही राहिली: आकडा जात सांगतो, नग सांगत नाही. २०१२ मध्ये ३.६ आवृत्तीत व्हीएफआयओ ही सोय आली आणि ग्राफिक्स कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनला देणं सोपं झालं. पण मशीनमध्ये एकाच मॉडेलची दोन कार्डं असतील आणि एकच द्यायचं असेल, तर आयडी लिहिल्याने दोन्ही व्हीएफआयओकडे जातात. २०१४ मध्ये ३.१६ आवृत्तीत आलेल्या ‘ड्रायव्हर_ओव्हरराइड’ने हा पेच सुटला. ही फाइल ड्रायव्हरच्या फोल्डरात नसते, प्रत्येक उपकरणाच्या फोल्डरात असते. ००००:०१:००.० अशा बसवरच्या पत्त्याने नेमकं कार्ड गाठायचं आणि तिच्यात ड्रायव्हरचं नाव लिहायचं. मग तक्ता काहीही म्हणो, त्या नगाला तोच ड्रायव्हर मिळतो, दुसरा कुणी नाही. पुढे मुख्यतः चिपच्या आतल्या उपकरणांसाठी असलेल्या प्लॅटफॉर्म बस आणि अँबा बसलाही ही सोय आली.

सिसएफएसमध्ये लिहिलेलं मशीन बंद होताच पुसलं जातं. ते टिकवायचं तर यूडेव्हच्या नियमात किंवा मॉडप्रोब या मॉड्यूल चढवणाऱ्या कमांडच्या कॉन्फिगरेशनमध्ये नोंद लागते. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत ती नोंद इनिटरॅमएफएसमध्येही (बूटच्या सुरुवातीला वापरायच्या तात्पुरत्या फाइलींत) गेली पाहिजे, कारण नेहमीचा ड्रायव्हर बूट होतानाच कार्ड पकडतो आणि मग ते सोडवणं किचकट होतं.