चॅटबॉट (घरच्या संगणकावरचा)

टाइप केलेल्या वाक्याला वाक्यानेच उत्तर देणारा प्रोग्राम म्हणजे चॅटबॉट. जोसेफ वायझेनबॉम यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात लिहिलेला आणि १९६६ साली शोधनिबंधातून मांडलेला 'एलायझा' हा त्यांतला आद्य. एलायझाला अर्थ कळत नसे. वाक्यातला ठरावीक शब्द हेरायचा आणि साच्यातले उत्तर पुढे करायचे, एवढेच तिचे काम. शब्द सापडला नाही तर 'पुढे सांगा' अशा थाटाचे गुळमुळीत वाक्य ठरलेले. शिकण्यासाठी आजही हीच पद्धत बरी.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि एक साधी मजकूर-फाइल एवढ्यावर भागते, इंटरनेटही लागत नाही. फाइलमध्ये शब्द-उत्तरांच्या जोड्या, म्हणजे बॉटचे नियम, ठेवायच्या, प्रोग्रामने त्या शोधायच्या. ब्राउझरमध्ये पाहायचे असल्यास बॉट १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे लोकलहोस्टवर (संगणकाच्या स्वतःसाठीच्या पत्त्यावर) चालवतात; तो त्या संगणकाबाहेर दिसत नाही.

अडते ते मराठीपाशी. मुंबईच्या लोकलची माहिती देणारा बॉट घ्या. नियमात 'कुर्ला' आहे आणि कोणी 'कुर्ल्याला कसं जाऊ?' विचारले, की बॉट गप्प. सामान्यरूपात 'ला'चा 'ल्या' झालेला असतो. 'दादरला'मध्ये मात्र 'दादर' शाबूत राहते, त्यामुळे नुसत्या दादरवर चाचणी घेणाऱ्याला हा दोष दिसतच नाही. म्हणून 'कुर्ल', 'वांद्र', 'ठाण' असे तुकडे शोधावेत. तेही जपूनच : 'दारात ठाण मांडून बसलेत, उतरू कसं?' या तक्रारीवर असा बॉट ठाण्याची गाडी सांगतो. पोलीस ठाण्याचे तर विचारूच नका.

नावांचा घोळ वेगळा. व्हीटी, १९९६ नंतरचे सीएसटी आणि २०१७ नंतरचे सीएसएमटी हे एकच स्थानक, आणि लोकांच्या तोंडी तिन्ही नावे आहेत. प्रभादेवी २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होते. याउलट परळ मध्य रेल्वेवर आणि लोअर परळ पश्चिम रेल्वेवर. इथे लांब नाव आधी तपासले नाही तर प्रवासी भलत्याच मार्गावर.

चाचणीसाठी प्रश्न आणि अपेक्षित उत्तर यांची वेगळी फाइल ठेवतात आणि नियम बदलला की ती सगळी पुन्हा चालवतात. प्रश्न शक्यतो घरातल्या दुसऱ्या कोणाकडून टाइप करून घ्यावेत. एकाचा कीबोर्ड 'दुसऱ्या'तला 'ऱ्या' नुक्तावाल्या (खाली टिंब असलेल्या) 'ऱ'ने लिहितो, तर दुसऱ्याचा साधा 'र' आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बॉटच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द असतात. शोधण्याआधी ते एका रूपात आणावे लागतात.