वाढीव बांधकामातील खिडकी आणि शेजाऱ्याचा आडोसा

घरावर मजला चढवताना किंवा बाजूला खोली काढताना नवी खिडकी शेजाऱ्याच्या अंगणावर, न्हाणीवर वा गच्चीवर उघडली, की उजेडाचा हक्क आणि आडोशाचा हक्क समोरासमोर येतात. सोलापुरात हा वाद जुन्या पेठांत आणि पूर्व भागातल्या विणकर वस्तीत सहज उद्भवतो. पेठांतल्या माळवदी (मातीच्या सपाट छताच्या) घरांना उजेड मुख्यतः मधल्या चौकातून आणि छतातल्या झरोक्यातून मिळे, त्यामुळे बाजूच्या भिंती बंद ठेवता येत. त्याच जागेवर आरसीसीचे मजले उभे राहिले की भिंतीत खिडकी काढण्यावाचून इलाज नसतो. पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाड असते. तिथे एक खोली वाढली तरी पलीकडची गच्ची नजरेच्या टप्प्यात येते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपार जातो आणि रात्री घरेच्या घरे गच्चीवर झोपतात. अशा गावात ही तक्रार क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही.

वाढीव बांधकामाला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार महापालिकेची परवानगी लागते. त्यासाठी २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिचा भर सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), उंची, उजेड आणि वायुवीजन यांवर आहे. दाटवस्तीत ही अंतरे कमी असतात, म्हणजे आडोशाची गरज जिथे सर्वाधिक तिथेच खिडक्या सर्वांत जवळ येतात. नियमांतली ही मोठी उणीव आहे. याउलट इंग्लंडमध्ये, परवानगीशिवाय करता येणाऱ्या वाढीव बांधकामात वरच्या मजल्यावरची बाजूची खिडकी धूसर काचेची असावी लागते, आणि तिचा उघडणारा भाग त्याच खोलीच्या फरशीपासून १.७ मीटरच्या वर असावा लागतो.

आपल्याकडे नजरेपासूनचे संरक्षण दिवाणी कायद्यात शोधावे लागते. सुविधाधिकार अधिनियम, म्हणजे शेजारच्या मालमत्तेच्या संदर्भात मिळणाऱ्या हक्कांचा कायदा, १८८२ चा. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. कलम १५ प्रमाणे खिडकीतून येणारा उजेड व हवा २० वर्षे बिनतक्रार, अखंड उपभोगली तर तो हक्क होतो. तोवर शेजारी आपल्या हद्दीत, नियमांत बसणारी भिंत उभारून ती खिडकी झाकू शकतो. कलम १८ रूढीने मिळणाऱ्या हक्कांचे आहे. त्याच्या उदाहरणात नेमकी हीच परिस्थिती आहे: गावात तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याच्या घरातला एरवी नजरेआड असणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी काढता येत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८८ मध्ये, गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात, असा रूढिगत हक्क मान्य केला. मात्र रूढी होती हे दावा लावणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते आणि तिथेच बहुतेकांची अडचण होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, पण तो प्रामुख्याने शासनाविरुद्धचा आहे. शेजाऱ्याची खिडकी त्याच्या जोरावर बंद करून घेणे सोपे नाही. चोरून स्त्रीला खासगी अवस्थेत पाहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालचा स्वतंत्र गुन्हा आहे.

मंजूर नकाशाबाहेर खिडकी काढली असेल तर महापालिकेकडे तक्रार करता येते. नकाशात असेल तर वाद दिवाणी न्यायालयाचा. म्हणून नकाशा काढतानाच वास्तुविशारदाकडून खिडकीची जागा आणि उंची ठरवून घ्यावी. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या वर तळ असलेली आडवी खिडकी, दाणेदार काच, सिमेंटची जाळी किंवा गच्चीला उंच कठडा यांनी उजेड राहतो आणि नजर अडते. एकदा चौकट बसली, गिलावा झाला की हा बदल खर्चाचा होतो, आणि तोपर्यंत दोन्ही घरांचे बोलणे बंद झालेले असते.