टेम्प्लेटमधला मार्कडाउन फिल्टर: तो आला कसा आणि गेला का

सांगलीतल्या हळदीच्या सौद्यांची टिपणे लिहिणारा माणूस संगणकावर **राजापुरी**चा दर एवढेच टंकतो आणि दोन-दोन तारकांमधला शब्द पानावर ठळक उमटतो. हे रूपांतर नेमके कुठे व्हावे, याबाबतची समजूत गेल्या वीस वर्षांत पुष्कळ बदलली आहे.

साध्या ईमेलमध्ये तारका लावून भर देण्याची रीत जुनीच होती. तशाच सोप्या खुणांची टेक्स्टाइल ही पद्धत डीन ॲलन यांनी २००२ मध्ये आणि मार्कडाउन जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणली. कॅन्ससमधील लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्रात घडलेले जँगो हे पायथन भाषेतले संकेतस्थळे उभारण्याचे साधन २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि सुरुवातीच्या काळातच त्यात 'मार्कअप' हे पॅकेज आले. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, चलाच्या नावापुढे उभी रेघ देऊन 'मार्कडाउन' लिहिले की हा फिल्टर मजकुराचे एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची भाषा, तयार करी. रेल्स या रुबी भाषेतल्या तशाच साधनानेही अशी मदतनीस फंक्शने दिली होती.

२००८ च्या जँगो १.० पासून टेम्प्लेटमध्ये येणाऱ्या मजकुरातले एचटीएमएलचे कोनी कंस (< आणि >) आपोआप निष्प्रभ होऊ लागले, त्यामुळे आपण दिलेले एचटीएमएल सुरक्षित आहे अशी ग्वाही फिल्टरला द्यावी लागली. खरी गोम इथेच आहे. मार्कडाउन मजकुरातल्या कच्च्या एचटीएमएलला मुळातच हात लावत नाही. त्यामुळे कोणी पाठवलेल्या मजकुरातला स्क्रिप्ट टॅगही (ब्राउझरमध्ये कोड चालवणारी खूण) त्या ग्वाहीआडून थेट पानात शिरू शकतो. पायथनच्या मार्कडाउन लायब्ररीतला, कच्चे एचटीएमएल रोखणारा 'सेफ मोड' यावर पुरेसा उपाय ठरला नाही आणि २०१८ च्या ३.० आवृत्तीतून तो काढला गेला. जँगोने मार्कअप पॅकेज त्याआधीच, २०१३ मध्ये, १.५ आवृत्तीत कालबाह्य ठरवून त्याच वर्षीच्या १.६ मधून वगळले आणि लायब्ररी थेट वापरण्यास सुचवले. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता, कारण मजकूर जतन करतानाच रूपांतर करून, परवानगी दिलेल्या टॅगांच्या यादीतून तो गाळून घेणे आणि लेखकाचा मूळ मजकूर वेगळा ठेवणे, हे टेम्प्लेटचे काम नव्हेच.

२०१४ मध्ये कॉमनमार्क या मार्कडाउनच्या प्रमाणित रूपाने नियम काटेकोर केले आणि त्यातला एक मराठीला थेट भिडतो. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. _राजापुरी_चा असे लिहिले तर ग्रुबर यांच्या मूळ मार्कडाउनमध्ये शब्द तिरपा होई. कॉमनमार्क मात्र शब्दाच्या पोटातला अंडरस्कोर खूण मानत नाही आणि तो पानावर तसाच दिसतो. तारकेला हे बंधन नाही, म्हणून मराठी टिपणांत भर देण्यासाठी तारकाच वापरावी.