साहेबांचं सर्व्हिस रिव्हॉल्व्हर आणि हवालदाराची थ्री नॉट थ्री

मागच्या आठवड्यात बहिणीकडे, आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, जेवायला गेलो होतो, टीव्हीवर कुठलीशी पोलिसांची सिरीयल चालू होती आणि भाच्याने ताटावरूनच विचारलं, मामा हे सगळे रिव्हॉल्व्हर रिव्हॉल्व्हर म्हणतात पण हातात तर पिस्तूल आहे, मग खरं काय? प्रश्न एकदम बरोबर होता, आणि त्याचं उत्तर द्यायला पार इंग्रजांच्या काळापर्यंत मागे जावं लागतं. जेवता जेवता सगळं सांगता आलं नाही म्हणून आता नीट लिहून काढतोय.

आधी फरक सांगतो. रिव्हॉल्व्हरला मधोमध फिरणारं चक्र असतं, त्यात बहुतेक सहा घरं, चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकतं. पिस्तुलाच्या मुठीत मॅगझिन असतं, गोळी सुटली की वरचा भाग झटक्यात मागे जातो, रिकामं खोकं, म्हणजे काडतुसाचं मागे उरलेलं कवच, बाहेर फेकतो आणि पुढची गोळी आपोआप चढवतो. दिसायला, चालायला, सगळ्यात फरक. मग नाव एकच का राहिलं, तर आपल्याकडे साहेब म्हणजे रिव्हॉल्व्हर हे समीकरण शंभर वर्षांचं आहे. ब्रिटिश सैन्याने वेबली कंपनीचं .४५५ रिव्हॉल्व्हर १८८७ मध्ये घेतलं (हे आकडे नळीच्या मापाचे, इंचात), पहिल्या महायुद्धानंतर त्यांच्या लक्षात आलं की त्याचा धक्का नवख्या माणसाला झेपत नाही, नेम बसायला फार सराव लागतो, म्हणून १९३२ मध्ये .३८ चं एनफिल्ड आलं. हीच .३८ ची रिव्हॉल्व्हरं स्वातंत्र्यानंतरही आपल्या पोलिसांच्या कमरेला राहिली. सरकारने नोकरीसाठी दिलेलं म्हणून सर्व्हिस रिव्हॉल्व्हर. पुढे साहेबांकडे ९ एमएम पिस्तूल आलं तरी रिपोर्टर, लेखक, डायलॉगवाले सगळे जुनंच नाव घेत राहिले, आजही पेपरात सर्रास तसंच छापून येतं.

आमच्या जुन्या वाड्यात एक काका राहायचे, एसएएफ म्हणजे मध्य प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलात आरमोरर होते, म्हणजे कोतमधली, शस्त्रागारातली, हत्यारं साफ करणं, दुरुस्त करणं, देणं-घेणं हे त्यांचं काम. आम्ही मुलं त्यांच्या पायरीवर बसून ऐकायचो. एनफिल्ड कसं उघडायचं ते ते नुसत्या हातांनी दाखवायचे, अंगठ्याने मागची कळ दाबली की नळी खाली झुकते, अख्खं रिव्हॉल्व्हर अडकित्त्यासारखं मधून उघडतं आणि चक्राच्या मधली चांदणी वर येऊन सहाही खोकी एकदम वर उचलते, मग हात जरा वाकडा केला की सगळी खाली. नंतर नळीतून तेलाची चिंधी. हे सांगताना त्यांचा अंगठा खरंच कळ दाबायचा, रिकाम्या हवेत.

आता इथे एक गोष्ट येते जी पोलिसांच्या सिरीयलमध्ये फार महत्त्वाची असायला हवी. रिव्हॉल्व्हर खोकं बाहेर टाकत नाही, ते चक्रातच राहतं, माणूस स्वतः उघडून टाकेल तेव्हाच पडतं. म्हणजे खून रिव्हॉल्व्हरने झाला असेल आणि खुनी लगेच पळाला असेल तर जमिनीवर खोकं सापडायला नको. पिस्तुलाचं मात्र हमखास सापडतं. ज्या एपिसोडमध्ये साहेब खाली वाकून रुमालाने खोकं उचलतात आणि पुढे दहा मिनिटांनी आरोपीच्या कपाटातून रिव्हॉल्व्हर निघतं, तिथे लिहिणाऱ्याने हत्याराचा विचार केलेला नाही हे लगेच कळतं. सायलेन्सरचंही तेच, चक्र आणि नळीच्या मधल्या फटीतून वायू आणि आवाज बाहेर पडतोच, रशियाच्या नागांतसारखं एखादं मॉडेल सोडलं तर रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावून काही उपयोग नसतो.

आणि लॅबमधला तो सीन, दोन गोळ्या शेजारी शेजारी मायक्रोस्कोपखाली, रेघा जुळल्या, सर मॅच हो गया! हा सीन मात्र खऱ्यावर उभा आहे. नळीच्या आतून पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात, गोळी फिरत बाहेर जावी म्हणून, त्यांच्या आणि नळीतल्या बारीक ओरखड्यांच्या खुणा गोळीवर उमटतात. १९२० च्या दशकात अमेरिकेत कॅल्विन गोडार्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी दोन गोळ्या एकाच वेळी बघता येतील असा मायक्रोस्कोप या कामाला लावला आणि १९२९ च्या शिकागोच्या हत्याकांडात त्याचं नाव झालं. आपल्या मध्य प्रदेशात हे काम सागरच्या फॉरेन्सिक लॅबकडे जातं, रिपोर्ट यायला वेळ लागतो, सिरीयलमध्ये तो ब्रेकनंतर लगेच येतो.

तर ९ एमएम. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसाने सुरू केलेलं डिझाइन, तो १९२६ मध्ये गेला, मग बेल्जियमच्या कारखान्यात दियदोने सेव्हने ते पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये ब्राउनिंग हाय पॉवर बाजारात आलं, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या, त्या काळात हा आकडा फार मोठा होता. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेलं तेव्हा तेच पिस्तूल कॅनडात बनायला लागलं, आणि त्याच कॅनडाच्या नमुन्यावरून आपल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए काढलं. आपल्या साहेबांच्या होल्स्टरमधलं जे जाडजूड काळं पिस्तूल, ते बहुतेक हेच. ग्लॉक खूप नंतरचं, ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये घेतलेलं, प्लास्टिकची बॉडी, बाहेर सेफ्टीची कळ नाही, आणि तरी सिरीयलमधला हिरो ग्लॉक हातात घेऊन कट्कन घोडा (म्हणजे मागचा हॅमर, चाप नव्हे) मागे ओढल्याचा आवाज येतो, ज्या पिस्तुलाला बाहेर घोडाच नाही!

पडद्यावरचं हे चकचकीत पिस्तूल आलं कुठून, तर माझ्या मते केबलवरून. आपल्याकडे नव्वदच्या दशकात केबल आली आणि अमेरिकेतल्या पोलीस सिरीयली घरात आल्या. तिकडे नेमकं ऐंशीच्या दशकात पोलीस रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलाकडे जात होते, लॉस एंजेलिस पोलिसांनी १९८६ मध्ये बेरेटा घेतलं, न्यूयॉर्कला तर १९९३ उजाडलं. टीव्ही त्याच्याही पुढे धावत होता. १९८४ च्या मायामी व्हाइसमध्ये हिरोच्या हातात ब्रेन टेन नावाचं अगदी नवीन पिस्तूल दिलं होतं, रात्रीच्या सीनमध्ये चमकावं म्हणून क्रोम केलेलं. लोकांना ते इतकं आवडलं की विचारू नका, पण बनवणारी कंपनी छोटी, मॅगझिनसुद्धा वेळेवर पुरवू शकली नाही आणि १९८६ मध्ये बुडाली, मग हिरोला दुसऱ्या कंपनीचं पिस्तूल द्यावं लागलं. म्हणजे हत्यार पोलिसांकडे आहे म्हणून पडद्यावर आलेलं नव्हतं, कॅमेऱ्यात चांगलं दिसतं म्हणून आलेलं होतं. आपल्याकडच्यांनी तीच ऐट उचलली.

त्याआधीचं आपलं काम वेगळं होतं. बी. पी. सिंग यांनी दूरदर्शनसाठी मराठीत एक शून्य शून्य केली, मुंबई पोलिसांच्या खऱ्या केसेसवर, शिवाजी साटम त्यात होते. पुढे याच दोघांची सीआयडी २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली आणि २०१८ पर्यंत चालली, नंतर परतही आली. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांमध्ये साटम म्हणजे आपला माणूस, आजी तर एसीपी प्रद्युम्न आले की आवाज वाढवायला सांगायची. आणि इतकी वर्षं चाललेल्या त्या सिरीयलमध्ये लोकांना आठवतं काय, तर पिस्तूल नाही, दयाने तोडलेलं दार!

पण मला खरं बोलायचंय ते हवालदाराबद्दल. पोलिसांच्या कुठल्याही सिरीयलमध्ये बघा, चार जण आत शिरतात, चौघांकडे पिस्तूल. प्रत्यक्षात पिस्तूल फौजदार आणि त्यांच्या वरच्यांकडे, बाकीच्यांकडे काठी, कुणाकडे स्टेनच्या घराण्यातली कार्बाइन, आणि गार्डवर अगदी अलीकडेपर्यंत थ्री नॉट थ्री. ली एनफिल्ड, नळीचा व्यास .३०३ इंच म्हणून हे नाव, तिचं सगळ्यात ओळखीचं रूप १९०७ चं, वजन चार किलोच्या आसपास, दहा गोळ्यांचं मॅगझिन, आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने वर, मागे, पुढे, खाली करायचा. दोन महायुद्धं लढलेली ही रायफल उत्तर प्रदेश पोलिसांनी थेट २६ जानेवारी २०२० च्या परेडनंतर निवृत्त केली. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत सीएसटीवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हातात काय होतं ते साऱ्या देशाने पाहिलं, काहींकडे थ्री नॉट थ्री, काहींकडे नुसती काठी. तुकाराम ओंबळेंनी गिरगाव चौपाटीवर कसाबच्या एके-४७ ची नळी धरली तेव्हा त्यांच्याकडे फक्त काठी होती. हे ज्याला माहीत आहे त्याला सिरीयलमधले चार हात आणि चार चकचकीत पिस्तुलं बघवत नाहीत. गोष्ट रंगवायची तर रंगवा, पण मागे रायफल घेऊन उभा असलेला माणूस फ्रेममधून काढू नका हो.

आमच्या भागात तर या रायफलीचा इतिहास घरोघरी आहे. चंबळ इथून हाकेच्या अंतरावर. १९५८ ते १९६५ मध्ये मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख होते के. एफ. रुस्तमजी, आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे, पुढे त्यांनीच बीएसएफ उभी केली, त्यांच्या काळात बेहडांमध्ये, चंबळच्या दऱ्याखोऱ्यांत, डाकूंच्या मागे जे जवान हिंडले त्यांचा भरवसा याच थ्री नॉट थ्रीवर. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांच्या समोर चंबळमधल्या जौऱ्याला डाकूंनी गांधीजींच्या फोटोपुढे बंदुका ठेवल्या, १९८३ मध्ये भिंडला फूलन देवीने ठेवली.

आणि सामान्य माणसाच्या हातातली बंदूक वेगळी का, याचं कारण कायदा. इंग्रजांना कायम भीती की सैन्याची गोळी लोकांच्या हातात पडेल, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी हिंदुस्थानात .४५० बोअरवर, म्हणजे त्या मापाच्या नळीवर, बंदी घातली, कारण सैन्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलची गोळी त्याच मापाची, मग शिकारी बंदुका बनवणाऱ्या कंपन्यांना मुद्दाम .४६५, .४७० अशी नवी मापं काढावी लागली. तोच विचार १९५९ च्या आर्म्स ॲक्टनंतरही राहिला, .३०३, .३८, ९ एमएम ही प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेली मापं, लायसन्सवाल्याला मिळणार .३१५ ची रायफल, .३२ चं रिव्हॉल्व्हर, नाहीतर १२ बोअरची दुनाळी. १२ बोअर म्हणजे एका पाउंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एकीचा जो व्यास तेवढी नळी. आमच्या ग्वाल्हेरच्या बाड्यावर, महाराज बाड्याच्या चौकात, बँकेच्या दारात गार्ड खुर्चीवर ही दुनाळी मांडीवर आडवी घेऊन बसलेला असतो, लहानपणापासून बघतोय. म्हणूनच सिरीयलमध्ये एखादा शेठ कपाटातून लायसन्सचं ९ एमएम काढतो तेव्हा ग्वाल्हेरचं शेंबडं पोरही सांगेल की हे चुकलं, त्याच्याकडे कानपूरचं .३२ पाहिजे होतं. कानपूरनेच २०१४ मध्ये निर्भीक नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर महिलांसाठी काढलं, अर्धा किलो वजनाचं, किंमत मात्र तेव्हाच लाखाच्या वर.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, मुलाकडे मुरारला राहतात. रविवारी भाच्याला घेऊन गेलो. टीव्हीवर पोलीस पळत होते, काका म्हणाले, बघ बघ, बोट चापावर ठेवून पळतोय, पाय अडखळला तर पुढच्याच्याच पाठीत जाईल गोळी, आमच्याकडे असं पळणाऱ्याला उस्तादांनी अख्खं ग्राउंड फिरवलं असतं रायफल डोक्यावर धरून. भाच्याने विचारलं, आजोबा थ्री नॉट थ्री कशी चालवायची? काका खुर्चीतच सरळ झाले, डावा तळहात पुढे पसरला, उजवा हात वर, मागे, पुढे, खाली, इतक्या पटकन की दिसलंच नाही नीट. मग परत हळू करून दाखवलं. भाच्याने दोनदा करून बघितलं, आणि काकांनी त्याची कोपर धरून जराशी खाली केली.