खाद्यपदार्थांची आयात: एफएसएसएआयचा परवाना, कागदपत्रे आणि बंदरावरील तपासणी

परदेशी बदाम, चीज किंवा ऑलिव्ह तेल विक्रीसाठी भारतात आणणाऱ्या आयातदाराकडे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) केंद्रीय परवाना असणे बंधनकारक आहे. उलाढाल कितीही लहान असली तरी येथे राज्य परवाना किंवा साधी नोंदणी चालत नाही.

आधी विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात कोड घ्यावा आणि त्यावर नोंदवलेल्या पत्त्यासाठीच एफएसएसएआयच्या ‘फॉस्कॉस’ या परवाना संकेतस्थळावर अर्ज करावा. वार्षिक शुल्क 7,500 रुपये आहे. मालकाचे, भागीदारांचे किंवा संचालकांचे ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि आयात करावयाच्या अन्नप्रकारांची यादी अर्जासोबत जोडावी लागते. दूध, मासे आणि डुकराचे मांस यांच्या उत्पादनांसाठी निर्यातदार देशाचे आरोग्य प्रमाणपत्रही लागते. चीनमध्ये 2008 साली दुधात मेलामाइन हे घातक औद्योगिक रसायन आढळल्यानंतर तेथील दुग्धजन्य पदार्थांवर भारताने बंदीच घातली, त्यामुळे त्यांच्या बाबतीत कोणतेही प्रमाणपत्र उपयोगाचे नाही.

माल न्हावा शेवासारख्या बंदरात आला की सीमाशुल्क विभागाकडे ऑनलाइन बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचे घोषणापत्र) दाखल होते आणि जोखमीच्या निकषांवर निवडलेली खेप एफएसएसएआयच्या अधिकृत अधिकाऱ्याकडे जाते. तो आधी कागदपत्रे तपासतो, मग प्रत्यक्ष माल पाहतो. मुदत संपण्यास एकूण टिकाऊ काळाच्या 60 टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जो कालावधी कमी असेल, तेवढा तरी शिल्लक हवा. लेबलवरील मजकूर इंग्रजी किंवा हिंदीत असावा लागतो. आयातदाराचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी चिन्ह राहून गेले असेल, तर ते सीमाशुल्क विभागाच्या ताब्यातील गोदामातच स्टिकरने लावता येते. मात्र मूळ लेबलवर घटकांची यादी किंवा बॅच क्रमांकच नसेल, तर ती उणीव स्टिकरने भरून काढता येत नाही आणि नमुना न घेताच खेप नाकारली जाते. म्हणून पुरवठादाराकडून लेबलचा नमुना आधीच मागवून तपासणे शहाणपणाचे ठरते.

या टप्प्यातून पार पडलेल्या मालाचे दोन नमुने घेतले जातात. एक प्रयोगशाळेत जातो, दुसरा राखून ठेवतात. बदामात बुरशीमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष, शिसे व कॅडमियमसारखे जड धातू, कीटकनाशकांचे अवशेष यांची पदार्थानुसार चाचणी होते. ज्या कीटकनाशकासाठी भारतात स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्याला सर्वसाधारणपणे किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची मर्यादा लागू होते. चाचणीचा खर्च आयातदाराने भरायचा असून अहवाल पाच दिवसांत अपेक्षित असतो.

अहवाल अनुकूल आल्यास ना हरकत प्रमाणपत्र मिळते. प्रतिकूल आल्यास आयातदाराला फेरतपासणीची मागणी करता येते, आणि तीही फसली तर माल परत पाठवावा किंवा नष्ट करावा लागतो.