समुद्रपुष्पाचे प्रकाश-अनुकूलन

खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात नव्याने आणलेल्या समुद्रपुष्पाला तेथील दिव्याची तीव्रता, वर्णपट आणि दिवसमान यांची टप्प्याटप्प्याने सवय लावण्याच्या प्रक्रियेस प्रकाश-अनुकूलन म्हणतात. समुद्रपुष्प, म्हणजेच हौशी मंडळींच्या बोलीतले ‘ॲनिमोन’, हा निडारिया संघाच्या ॲक्टिनिएरिया गणातील प्राणी आहे. त्याच्या तळाशी खडकाला चिकटणारी पादचकती असते, माथ्यावर मुख असते आणि मुखाभोवती दंशपेशींनी युक्त अशा संस्पर्शकांचे कडे असते. पुण्यात समुद्र नाही; हा जीव येथे येतो तो ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून, थर्मोकोलच्या बंद खोक्यात, बहुधा संपूर्ण दिवसभराचा अंधार सोसून.

प्राण्याला दिव्याची गरज का पडावी, याचे उत्तर त्याच्या ऊतींमध्ये राहणाऱ्या एकपेशीय शैवलात आहे. या सहजीवी शैवलाला कार्ल ब्रांट यांनी १८८१ मध्ये ‘झूझँथेला’ हे नाव दिले. शैवल प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला मिळतो. सगळ्याच समुद्रपुष्पांत असे शैवल असते असे नाही. स्कॉटलंडचे निसर्गाभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून आणलेले ‘ग्रॅनी’ नावाचे समुद्रपुष्प एडिंबरोत काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगले. ते शैवलविरहित जातीचे असल्याने त्याला विशेष प्रकाशाची गरजच नव्हती. क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या दहा जाती मात्र शैवलावर अवलंबून असतात, आणि घरगुती मत्स्यालयांत सर्वाधिक पाळली जाणारी ‘बबल टिप’ ही त्यांपैकीच एक होय.

मंद प्रकाशात राहिलेले शैवल आपल्या पेशीतील हरितद्रव्य वाढवते, तर प्रखर प्रकाशात ते कमी करते. परंतु हा फेरबदल व्हायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. अंधारातून आलेल्या प्राण्यावर एकदम पूर्ण प्रकाश सोडला, तर शैवलाने शोषलेली ऊर्जा वापरली जाण्यापेक्षा अधिक होते, त्यातून ऑक्सिजनची घातक क्रियाशील संयुगे तयार होतात आणि यजमान शैवलाला शरीराबाहेर टाकू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. दुकानातील पांढरेशुभ्र किंवा फिकट निऑन छटेचे समुद्रपुष्प गिऱ्हाइकाला मोहात पाडते खरे, पण तो रंग बहुधा आजाराचा असतो. अशा प्राण्याला तर आणखी मंद प्रकाशापासून सुरुवात करावी लागते.

प्रवाळांच्या बाबतीत वापरली जाणारी युक्ती येथे लागू पडत नाही, हा या प्रक्रियेचा कळीचा मुद्दा आहे. प्रवाळाचा तुकडा आधी टँकच्या तळाशी ठेवून दर आठवड्याला थोडा वर सरकवता येतो. समुद्रपुष्प मात्र स्वतः चालते. आपण निवडलेली जागा त्याला पसंत पडली नाही, तर ते रातोरात दुसरीकडे जाते, आणि अशा भटकंतीत वेव्हमेकरच्या (टँकमध्ये लाटांसारखा प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या) पंख्यात अडकून त्याच्या चिंधड्या उडणे हा या छंदातील सर्वांत सामान्य अपघात आहे. त्यामुळे प्राणी हलवण्याऐवजी प्रकाशच कमी करावा लागतो, आणि पंपाच्या तोंडावर जाळी किंवा स्पंज आधीच बसवावा लागतो.

प्रकाशसंश्लेषणास उपयुक्त प्रकाशाचे मापन ‘पार’ या नावाने, दर चौरस मीटरला दर सेकंदास पडणाऱ्या प्रकाशकणांच्या मायक्रोमोलमध्ये करतात. भर दुपारच्या उन्हात हा आकडा २००० च्या आसपास जातो. नव्या बबल टिपसाठी ६० ते ८० पासून आरंभ करून चार ते सहा आठवड्यांत १५० ते २५० पर्यंत पोचणे हा सर्वसाधारण प्रघात आहे. एलईडी दिवा मंद करता येत असेल, तर तीव्रता दर आठवड्याला दिव्याच्या पूर्ण क्षमतेच्या ५ ते १० टक्क्यांनी वाढवतात आणि दिवसमान सहा तासांवरून आठ-नऊ तासांवर नेतात. दिवा मंद करता येत नसेल, तर खिडकीला लावतात त्या डासांच्या जाळीचे तीन-चार पदर टँकवर अंथरून त्याच चार ते सहा आठवड्यांत एकेक पदर काढत जाणे हा स्वस्त आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, दिव्याची तीव्रता आपोआप बदलणाऱ्या महागड्या कंट्रोलरपेक्षा अधिक भरवशाचा उपाय आहे; कारण वीज जाऊन आल्यावर काही कंट्रोलर आपली सेटिंग विसरतात आणि दिवा पूर्ण तीव्रतेने पेटतो. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर विसंबणे चुकीचे ठरते. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश माणसाच्या डोळ्याला मंद भासतो, पण शैवल तोच भरपूर शोषते, आणि मानवी डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेले लक्सचे मापही त्यामुळे निळ्या दिव्याखाली फसवे निघते.

पुण्याच्या घरात दिव्याखेरीज खिडकीचाही हिशेब ठेवावा लागतो. मेच्या मध्यात, शून्य सावलीच्या दिवसांत, दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असल्याने दक्षिणेच्या खिडकीतून ऊन फारसे आत येत नाही. डिसेंबरात मात्र तो भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो आणि हॉलमधील टँकवर तिरपे ऊन पडू शकते. उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत शहराचे तापमान ३८ ते ४० अंशांवर जाते, तर समुद्रपुष्पाला २४ ते २७ अंश सेल्सिअस पाणी मानवते. उष्णता आणि प्रखर प्रकाश यांचा ताण एकत्र आला की विरंजन लवकर होते. चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) नसेल, तर कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर सोडलेला पंखा बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरवतो, पण उडालेल्या पाण्यामुळे खारटपणा वाढतो, म्हणून आरओचे गोडे पाणी रोज घालावे लागते. अशा आठवड्यात प्रकाश वाढवू नये.

अनुकूलन कसे चालले आहे, हे प्राणी स्वतःच दाखवतो. सकाळी दिवा लागल्यावर मुखातून तपकिरी, शेंबडासारखी तार निघताना दिसली, तर बाहेर पडणारे ते शैवल असण्याचा संभव असतो. एखाद्या वेळची तार चिंतेची नसते. रोज दिसू लागली आणि सोबत रंगही उतरू लागला, तर तीव्रता एक पायरी खाली आणतात. दिवसभर आक्रसून खडकाच्या सावलीत राहणे ही बहुधा जास्त प्रकाशाची खूण असते, तर देठ लांबवून दिव्याकडे ताणून घेणे ही अपुऱ्या प्रकाशाची. मुख सैल उघडे पडले, तर प्रकाशापेक्षा पाण्याची तपासणी आधी करावी. या काळात आठवड्यातून एक-दोनदा कोळंबीचा नखाएवढा तुकडा दिला, तर शैवलाची तूट काही अंशी भरून निघते; निरोगी संस्पर्शक त्याला स्पर्श होताच चिकटतात.

पादचकती एका फटीत स्थिरावली आणि पूर्ण तीव्रतेखाली दोन आठवडे रंग व जागा बदलली नाही, की अनुकूलन झाले असे मानतात. पुढे केव्हाही जुना दिवा काढून नवा बसवला, तर हीच प्रक्रिया मंद प्रकाशापासून पुन्हा करावी लागते.