खपली गहू आणि हिंगाची डबी

दादरच्या एका दुकानात पाटी दिसली : 'खपली गहू, ग्लूटेन फ्री'. भाचीला सीलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, म्हणून ताई लगेच दोन किलो घ्यायला निघाली. मी तिचा हात धरला. पाटी खोटीच, पण तिच्यात चिमूटभर खरंही आहे.

पचनरसातली विकरं प्रथिनाची माळ कात्रीसारखी तोडत जातात. प्रोलिन नावाचा मणी आला, की माळेला असा बाक पडतो की कात्री चालतच नाही. ग्लूटेनचाच एक भाग असलेल्या ग्लायडिनमध्ये 33 मण्यांचा एक तुकडा आहे, त्यातले 13 मणी प्रोलिनचे! जठर, स्वादुपिंड, आतडं, सगळ्यांना चकवून तो आतड्याच्या अस्तरात शिरतो. तिथलं ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर त्यातल्या ग्लुटामिन नावाच्या काही मण्यांचं ग्लुटामेट करतं, म्हणजे तुकड्यावर ऋण भार चढतो. डीक्यू2 किंवा डीक्यू8 हा जनुकप्रकार असलेल्यांच्या पेशींवर एक खोबण असते, तिच्यात हा भारित तुकडा घट्ट बसतो. प्रतिकारशक्ती त्याला शत्रू समजते आणि मार खातं स्वतःचंच आतडं. (म्हणून सीलिॲक ही खरं तर ॲलर्जी नव्हे.)

नेहमीच्या गव्हात गुणसूत्रं 42, खपलीत 28. हा 33 मण्यांचा तुकडा येतो तो खपलीत नसलेल्या चौदांच्या संचातून. पाटीतलं खरं ते एवढंच. उरलेल्या 28 गुणसूत्रांवर त्रासदायक तुकडे बनवणारी जनुकं हवी तेवढी आहेत. ''प्राचीन धान्य आहे हो, बाधत नाही,'' दुकानदार म्हणाला. धोतराही प्राचीनच आहे.

ज्वारी, नाचणी, वरी, राजगिरा, शिंगाडा यांत ग्लूटेन नाही. अडचण दळणाची. ग्लूटेनमुक्त म्हणवायला आपल्याकडे किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लूटेनची मर्यादा आहे. कणकेत ढोबळमानाने दहा टक्के ग्लूटेन धरलं, तर किलोभर ज्वारीच्या पिठात 200 मिलिग्रॅम कणीक मिसळली की मर्यादा संपली. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळलेल्या गिरणीत तेवढी सहज उरते. ताईने त्यासाठी घरघंटी घेतली, धान्य निवडून, धुऊन, वाळवून दळते.

राहिला हिंग. मूळ राळ इतकी उग्र, की बाजारातला हिंग बहुधा मैदा किंवा डिंक घालून सौम्य केलेला असतो. तांदळाच्या पिठातलाही मिळतो, पण विचारून घ्यावा लागतो. सुट्या हिंगाला तर लेबलच नसतं. पाकिटावर मात्र ग्लूटेनयुक्त धान्याची नोंद करणं एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या 2020च्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

घरी आल्यावर ताईने हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. गव्हाचं पीठ. भाचीच्या वरणाला रोज फोडणी याच डबीतून पडत होती.